तारणाची खात्री कुठे शोधायची

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मंडळीच्या दर कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या उपदेश-सभेला, ‘पुढे या’ म्हटलं की तू पुढे जातेस, पापक्षमेची प्रार्थना पुन्हा करतेस, आठ दिवस बरं वाटतं आणि मग तोच प्रश्न डोकं वर काढतो, ‘माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, खरंच झालंय का?’ तू लिहिलंस ते बरं केलंस. मंडळीत हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. सगळ्यांना वाटत असतं की आपण एकटेच असे.

पहिली गोष्ट, ती प्रार्थना आता पुन्हा करू नकोस. प्रार्थना वाईट आहे म्हणून नाही. प्रत्येक वेळी तू तपासतेस ते स्वतःलाच. मागच्या वेळी मनापासून केली होती का, रडू आलं होतं का, नीट पश्चात्ताप झाला होता का? म्हणजे खात्रीचा सगळा भार तुझ्या प्रार्थनेवर पडतो आणि तो तिला पेलत नाही. तारणारा येशू आहे, तुझी प्रार्थना नाही.

बायबलमधल्या निर्गमाचा बारावा अध्याय काढ. त्या रात्री मिसर देशातले सगळे थोरले मुलगे मरणार होते, आणि इस्राएलांना वाचायचा एक मार्ग देवाने सांगितला. कोकऱ्याचं रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं होतं, म्हणजे बाहेरच्या बाजूला. घरातल्यांनी पहाटेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. आता त्या घरातला थोरला मुलगा डोळ्यांपुढे आण. मिसर देशभर आकांत उठलेला, तो आत बसलेला, आणि रक्त काही त्याला दिसत नाही. कदाचित रात्रभर कापत असेल. पण देव ‘तुमचं धैर्य पाहीन’ म्हणाला नव्हता; रक्त पाहून मी ओलांडून जाईन, असं म्हणाला होता. ‘वल्हांडण’, म्हणजे ओलांडून जाणं, हा त्या सणाचा शब्द आपण सहज उच्चारतो, त्यात हे सगळं आहे. निर्धास्त झोपलेला आणि घाबरून जागा राहिलेला, दोघेही एकाच रक्तामुळे वाचले. फरक पडला तो त्यांच्या रात्रीत, त्यांच्या जिवात नाही.

म्हणून क्रम ध्यानात घे. आधी वचन, मग जीवनातल्या खुणा, भावना सगळ्यांत शेवटी. आपण नेमकं उलटं करतो.

वचनासाठी सुरुवातीला एकच ओवी पुरे, योहानाच्या शुभवर्तमानातली 5:24. एका वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढ आणि क्रियापदांखाली रेघ मार. जो ‘ऐकतो’ आणि ‘विश्वास ठेवतो’, त्याला सार्वकालिक जीवन ‘प्राप्त झाले आहे’. त्याच्यावर न्यायाचा प्रसंग ‘येणार नाही’. तो मरणातून जीवनात ‘पार गेला आहे’. ‘मिळेल’ असं नाही, ‘मिळालं तर’ असंही नाही. सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर मिळणारी लांबलचक मुदत असं समजू नकोस. योहान 17:3 मध्ये प्रभूच सांगतो की पित्याला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणं हेच ते जीवन, आणि ही ओळख आजपासूनची आहे. महिनाभर रोज सकाळी, मोबाइल हातात घेण्याआधी, ही ओवी मोठ्याने वाच. मोठ्यानेच, मनातल्या मनात वाचताना लक्ष पुन्हा आपल्याकडे वळतं.

आपल्या मातीत आणखी एक अडचण आहे. पापपुण्याचा हिशोब आपल्या बोलण्याचालण्यात इतका मुरलाय की ख्रिस्ती घरात वाढूनही ‘इतकं केलं तर देव पावेल’ हे मनातून जात नाही. इफिस 2:8-9 हा हिशोबच बंद करतं: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान, कर्मांमुळे नव्हे. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराकडे बाप्तिस्मा नव्हता, उपास नव्हता, पुढे सुधारून दाखवायला एक दिवसही नव्हता. त्याने ‘माझी आठवण करा’ म्हटलं, आणि ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ या उत्तरात ‘आज’ हा शब्द आला.

पंडिता रमाबाईंचंच बघ. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि विधवांसाठी स्वतःला झिजवलं. तरी 1907 साली साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर आपल्याला कळलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. सेवा एवढी मोठी, पण खात्री तिच्यातून आली नाही. तेव्हा संडे स्कूल, युवक संघ, गायनमंडळ यांतून ती मिळेल ही आशा सोड. ही कामं कर, पण कृतज्ञतेने.

आता खुणा. योहानाचं पहिलं पत्र पाच अध्यायांचं, 105 ओव्यांचं आहे. एका बैठकीत वाच आणि ‘कळून येते’, ‘ओळखतो’, ‘ठाऊक आहे’ असे शब्द दिसतील तिथे खूण कर. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील: त्याच्या आज्ञा पाळणं (2:3), बंधुभगिनींवर प्रीती (3:14), येशू हाच ख्रिस्त ही कबुली (5:1). यांना परीक्षेचे गुण समजू नकोस. बघायचं ते वळण. पूर्वी ज्या पापाचं काहीच वाटत नव्हतं ते आता टोचतं का? ज्या बाईशी बोलणं टाकलं होतं तिच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटते का? थोडी जरी ‘हो’ असली तरी ती देवाची करणी आहे. आणि जिला काहीच टोचत नाही, जी ‘तारण झालंय, आता कसंही वागलं तरी चालतं’ म्हणते, तिला मी ही खात्री मुळीच देणार नाही. मत्तय 7:21 वाचायला देईन: ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही. पण तुझं दुखणं ते नाही. तुझ्यासाठी 1 योहान 3:20 आहे: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव आपल्या मनाहून थोर आहे.

भावनांविषयी फार लिहीत नाही. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमध्ये मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींचं अंतःकरण ऊबदार झालं, हे सगळे सांगतात. त्याच वेस्लींनी आठ महिनेही झाले नसताना रोजनिशीत लिहिलं की मी ख्रिस्ती नाही. भावना अशाच चढतात आणि उतरतात.

पाप घडलं तर त्याच दिवशी, नाव घेऊन कबूल कर. ‘माझी सगळी पापं क्षमा कर’ म्हणण्यापेक्षा ‘आज आईशी खोटं बोलले’ असं म्हण. पापं कबूल केली तर तो क्षमा करतो, हे 1 योहान 1:9 तिथे धर आणि उठ. आता चार दिवस बायबल उघडणार नाही, अशी स्वतःला शिक्षा करू नकोस, तोही हिशोबच. ज्याचं नुकसान केलं असेल त्याचं भरून दे. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं, पण तारण विकत घ्यायला नाही. येशू आधीच त्याच्या घरी उतरला होता.

‘क्षमा न होणारं पाप माझ्या हातून घडलं असेल’ ही भीती मार्क 3:29 वरून आली असणार. तिसावी ओवीही वाच, कारण तिथेच दिलंय: येशूला अशुद्ध आत्मा लागला आहे असं त्याचे विरोधक शास्त्री म्हणत होते. तू तर त्याच्यापासून दूर पडण्याच्या भीतीने रडतेस. योहान 6:37 तुझ्यासारखीसाठीच आहे; त्याच्याकडे येणाऱ्याला तो मुळीच घालवणार नाही.

तरी एक विचारते. तेच वाक्य दहा-वीसदा म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, झोप उडाली आहे, असं आहे का? असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. मनाचं दुखणं धर्माचे कपडे घालूनही येतं, आणि औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोप दिली, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, आणि तेही दोनदा.

तुझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीला ‘मला खात्री आहे’ हे बोलणं घमेंडीचं वाटलं, त्यावरून तिच्याशी वाद घालू नकोस. 1547 साली कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या परिषदेने असं ठरवलं की आपल्याला कृपा लाभली आहे हे कोणी विश्वासाच्या अचूक निश्चयाने जाणू शकत नाही. ती तेच शिकली आहे. तिला एवढंच सांग की तुझी खात्री स्वतःबद्दलची नाही, त्याच्याबद्दलची आहे. आपल्या प्रोटेस्टंट वडिलांनीही 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात लिहून ठेवलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री लाभायला पुष्कळ वेळ लागू शकतो, आणि लाभलेली डळमळूही शकते.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. ‘मी योग्य नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसून राहू नकोस. 1 करिंथ 11:28 ‘आत्मपरीक्षण करावे’ इथे थांबत नाही. ‘मग भाकर खावी’ असं म्हणतं. सकाळी वही उघड, ती ओवी वाच, जे कबूल करायचं ते कर, आणि पाळक भाकर घेऊन येतील तेव्हा दोन्ही हात पुढे कर. रिकामेच.

प्रभूत तुझी,
मावशी