‘माहितीपूर्ण संमती’ की ‘जाणती संमती’?

प्रश्न असा आला आहे : वैद्यकीय संशोधनात भाग घेणाऱ्यांकडून जो ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ घेतात, त्याला ‘माहितीपूर्ण संमती’ म्हणावं, ‘सहमती’ की ‘अनुमती’?

सहमती चारजणांची एका मुद्द्यावर होते; ती इथली नव्हे. अनुमती अधिकारी देतो, म्हणून नैतिकता समिती संशोधनाला देते ती अनुमती. स्वतःच्या देहाबद्दल माणूस देतो ती संमती. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या, माणसांवरच्या प्रयोगांच्या 1947च्या नियमांचं, म्हणजे न्यूरेंबर्ग संहितेचं, पहिलंच कलम या संमतीचं आहे.

माझी हरकत ‘माहितीपूर्ण’ला आहे. लेख माहितीपूर्ण असतो, व्याख्यान असतं. संमती कशी असेल? कागदात माहिती ठासून भरलेली असते, ती समोरच्याला कळली का, हे या शब्दात कुठेच येत नाही. संशोधनात भाग घेणाऱ्यांना देतात त्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर मी तपासत होते. ‘सहभागींची यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी केली जाईल’ हे वाक्य एका आजींना वाचून दाखवलं. त्या मान हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सही कुठं करू?’’ मग सांगितलं, ‘‘आजी, नवी गोळी कुणाला नि जुनी कुणाला, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. डॉक्टरसुद्धा निवडणार नाहीत.’’ मान हलायची थांबली. ‘‘आणि मला जुनीच आली, गुण नाही आला, तर?’’ हा प्रश्न पडल्यावरच त्यांच्या सहीला अर्थ आला.

म्हणून मी ‘जाणती संमती’ सुचवते. ‘जाणत्या वयाचा’ आपण बोलतोच. जाणतेपण माणसाचं असतं, कागदाचं नाही. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 ते 1972 कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा (सिफिलिसचा) अभ्यास चालला. ‘रक्त खराब आहे’ एवढंच त्यांना सांगितलं होतं. पुढे त्यावर गुणकारी पेनिसिलिन मिळू लागलं, तेही दिलं नाही. माणसं आपल्या पायांनी येत होती. होकार होता, जाण नव्हती.

पत्रकात मात्र सरळ ‘समजून दिलेली संमती’ लिहावं, ते कुणालाही कळतं.

जाता जाता मुलांबद्दल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज 7 ते 18 वर्षांच्या मुलालाही विचारायचं असतं. 12पर्यंत तोंडी, पुढे लेखी. मुलाच्या या मान्यतेला इंग्रजीत ‘असेंट’ म्हणतात; त्यासाठी कोशात शोधाशोध नको, ‘होकार’ पुरतो. मूल ‘नको’ म्हणालं, तर नोंदवायला ‘नकार’ही तयारच आहे.