निदान वीट तरी फेक

अरे,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी वाचला, "काका, पूजा सुटली, आईशी धड बोलणं होत नाही, फार गिल्टी वाटतं", म्हटलं याला नुसता अंगठा दाखवून भागणार नाही, म्हणून चहा घेऊन लिहायला बसलोय.

पहाटे चारला ऊठ वगैरे मी काही सांगणार नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरी पोचणाऱ्याला असलं सांगणारा एकतर रिटायर्ड असतो नाहीतर रीलवाला. मी रिटायर्ड आहे खरा, पण विसरलेलो नाही काही.

माझंच ऐक. बाबा गावाहून रोज साडेसातला फोन करायचे आणि नेमका तेव्हाच माझा अमेरिकेचा कॉल सुरू व्हायचा, मग एका कानाला क्लायंट, दुसऱ्या कानाला बाबा, आणि मी आपला हं, हं. मिनिटभरात तेच म्हणायचे, कामात दिसतोस, ठेवतो. मला वाटायचं किती समजूतदार. मग एका दिवाळीला गेलो तर फोनशेजारी खिळ्याला एक वही, दोरीने पेन बांधलेलं, आणि उघडली तर पानापानावर वर तारीख, खाली माझं नाव आणि त्याखाली मुद्दे. लाईट बिल. विहिरीचं पाणी. गुडघा. शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं. त्यातला गुडघा खोडलेला. जवळजवळ प्रत्येक पानावर खोडलेला, कारण मिनिटभरात तो बसत नव्हता. बापाने पोराशी बोलायला अजेंडा केला होता रे, आणि मी ऑफिसात अजेंडा न पाठवणाऱ्यांवर चिडायचो.

तेव्हापासून पुंडलिकाची गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. लहानपणी आपण ऐकतो ती आईवडिलांच्या सेवेची गोष्ट, ती आहेच. पण मी अडकलो विटेपाशी. म्हणजे बघ, दारात साक्षात देव आलाय आणि हा बिझी आहे, खरंच बिझी, आईबापाचे पाय चेपतोय. उठला नाही. पण बघूनही न बघितल्यासारखं केलं नाही आणि "बघू नंतर" असंही म्हणाला नाही. हाताशी होती ती वीट सरकवली, यावर थांब, हातातलं आटपून येतो. देवही रागावला नाही, कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं उभा आहे म्हणतात.

तर बिझी असणं हा गुन्हा नाहीच. समोरच्याला दारात चिखलात ताटकळत ठेवणं वाईट. "आई, आत्ता नाही, साडेनऊला करतो" आणि साडेनऊला खरंच फोन, ही झाली वीट. "नंतर बोलू" ही वीट नाही, त्यावर कुणाला उभं राहता येत नाही. आणि हो, शब्द दिलास की पाळायचा, दोनदा चुकलास की आई स्वतःच म्हणायला लागेल "राहू दे, कामात असशील", आणि ते ऐकून हायसं वाटलं तर समज गाडी घसरली.

देवाचं त्यापेक्षा सोपं आहे, माझ्या मते तरी. सावता माळी अरणला मळ्यात राबायचे, पंढरपूर तिथून काही फार लांब नाही, तरी मळा सोडून वारीला गेले नाहीत असं सांगतात. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि सावतोबांसाठी पांडुरंगाची पालखी दरवर्षी अरणला येते. पण त्यांचं खुरपं चालायचं तेव्हा चित्त विठ्ठलापाशीच असायचं हा यातला महत्त्वाचा भाग, नाहीतर "मी कामातच देव बघतो" म्हणत लॅपटॉपला चिकटून बसायला आपण मोकळेच! मी एकदा आळंदी ते पुणे पालखीबरोबर चाललो, कानात इयरफोन, कॉल म्यूटवर. मध्येच चुकून अनम्यूट झालं आणि सगळ्या टीमला टाळ-मृदंग ऐकू गेला. माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त वारी केली असेल त्या दिवशी.

तू सध्या एवढंच कर, दिवा लावताना फोन दुसऱ्या खोलीत ठेव. तीन मिनिटं लागतात, स्तोत्र नाही म्हटलंस तरी चालेल.

बाकी भेटीत बोलू. रविवारी फोन करणार म्हणालास ना, तो रात्री आठनंतर कर. साडेसात ते आठ बाबांचा असतो, सध्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही यावर आमचं रोज भांडण चालू आहे.

तुझा,
काका