‘ह्या खेपेक तरी तपासून घे’

पत्र: ताई, आमचं गाव देवगडजवळ. मुलगा 6 वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. आम्ही त्याला बाबू म्हणतो. आता मला पुन्हा दिवस गेलेत, अकरावा आठवडा सुरू आहे. गणपतीत गाऱ्हाणं चालू असताना बाबू सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. मला हसू आलं. तेवढ्यात मुंबईहून आलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, “ह्या खेपेक तरी आधी तपासून घे गो, परत असला नको.” माझ्या सासूबाईंचं उलटं: “काय ता तपासतंस? देवान दिल्यान ता आपला.” नवरा गप्प. डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी लिहून दिलीय, चिठ्ठी पर्समध्येच आहे. तपासणी केली तर बाबूला ‘तू नको होतास’ म्हटल्यासारखं होईल ना? आणि तसंच निघालं तर? पुन्हा सगळं पहिल्यापासून करायची ताकद माझ्यात नाही. असं वाटणारी आई कसली?

उत्तर:

दमलेली, बाय. 6 वर्षं एकटीनं धावलेली आणि दमलेली. त्यापलीकडे त्या वाटण्याला दुसरं नाव देऊ नकोस.

माझ्या धाकट्या भावाला बोलता येत नव्हतं, एक पायही ओढत चालायचा. पाहुणे आले की त्याला मागच्या पडवीत बसवत. तिथे बसून तो झावळांचे हीर काढायचा. एकेक पात धरायचा, सुरी एकदाच फिरवायचा आणि हीर असा स्वच्छ सुटून यायचा की अर्ध्या वाडीत आमच्याकडचे खराटे जात. ते न्यायला आलेल्या बायका आईला विचारत, “तेव्हाच काहीतरी करूक नाय?” तो चार हातांवर बसलेला असायचा. त्याला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र स्वच्छ येत होतं. असा प्रश्न आला की त्याची सुरी थांबायची. आई काहीच बोलायची नाही. मला आजही त्या बायकांपेक्षा आईच्या गप्प बसण्याचा जास्त त्रास होतो.

म्हणून तुझ्या चुलत सासूबाईंना उत्तर गेलंच पाहिजे, आणि ते तुझ्या नवऱ्यानं द्यायचं. काकी त्याची आहे. “बाबूसमोर असं बोलायचं नाही.” एवढंच, आणि सगळ्यांसमोर, कारण त्याही सगळ्यांसमोरच बोलल्या. ‘परत असला नको’ हे तुझ्या पोटातल्या बाळाबद्दल नव्हतंच, ते समोर बसलेल्या बाबूबद्दल होतं.

आता तुझा प्रश्न. तो वेगळा आहे, आणि तुझ्या दोघी सासूबाईंनी मिळून त्याची गुंतवळ करून ठेवली आहे. तपासणी म्हणजे बाबूवरचा निकाल नव्हे. आपल्याला आणखी किती पेलवेल हे बाईनं स्वतःला विचारलं, तर आधीच्या मुलाचं मोल कमी होत नाही. व्यंग आहे म्हणून गर्भ पाडणं म्हणजे ‘तुमच्यासारखे जन्मूच नयेत’ असं म्हणणं आहे, असं अपंगांच्या हक्कांसाठी लढणारी काही माणसं म्हणतात. माझ्या भावामुळे मला ते झटकून टाकता येत नाही. पण त्याचा जाब एकट्या गरोदर बाईला विचारणं मला मान्य नाही. जवळ स्पीच थेरपी नाही, शाळेत समजून घेणारं कोणी नाही, आपल्यामागे याला कोण बघेल याचा घोर आहे. बाई या भीतीपोटी ठरवते, आणि ही भीती आपण सगळ्यांनी मिळून तिच्या पदरात टाकलेली असते.

आणि तपासणी केली म्हणजे पुढचं काही ठरलं असंही नाही. डाउन असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. तो आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं हे ठरवता येतं. कित्येक जणी तेवढ्यासाठीच तपासतात आणि बाळ ठेवतात. तूही ठेवशील किंवा ठेवणार नाहीस. दोन्ही वेळा मी तुझ्याच बाजूची.

वेळ मात्र थोडा आहे. ती सोनोग्राफी 11 ते 14 आठवड्यांच्या मधेच होते. तिच्यातून आणि डबल मार्करमधून फक्त धोका कमी की जास्त एवढं कळतं. ‘हाय रिस्क’ आलेल्या बहुतेक जणींची बाळं डाउनची नसतात. नक्की उत्तर गर्भजलाच्या तपासणीतून मिळतं. ती 15 आठवड्यांनंतर करतात, तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो आणि रिपोर्टला दिवस लागतात.

कायद्याचं सांगते, कारण घरात कुणी सांगणार नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत पुरतं. बाळात व्यंग असेल तर 24 पर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच, आणि तेही मेडिकल बोर्डाच्या हातात. सज्ञान बाईच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. आणि हे दोन्हीकडून लागू आहे बरं का: तुला नको असताना कुणी तुझा गर्भपातही करवू शकत नाही.

बाबूच्या शाळेबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी विचारते. नाव घातलंस का? 2016च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं जवळच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे. “विशेष शाळेत न्या” म्हणून त्याला दारातून परत पाठवता येत नाही. विशेष शाळा हवी तर ती तुम्ही निवडायची. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढ. ‘निरामय’ या सरकारी आरोग्यविम्याचंही विचार, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. शाळेची आणि कार्डाची धावपळ नवऱ्याकडे दे. निदान तिथे तरी तो गप्प राहणार नाही.

सगळ्यात आधी एक काम कर. बाबू लहान असताना त्याच्या रक्ताची गुणसूत्रांची तपासणी केली असेल, कॅरियोटाइप म्हणतात ती. तो रिपोर्ट शोध. साधा ‘ट्रायसोमी 21’, म्हणजे 21वं गुणसूत्र एक जास्त, असं असेल तर तरुण आईला पुन्हा तसं होण्याची शक्यता साधारण 100त 1 असते. ‘ट्रान्सलोकेशन’, म्हणजे एका गुणसूत्राचा भाग दुसऱ्याला जोडलेला, हा शब्द असेल तर तुम्हा दोघांचं रक्त तपासावं लागेल, कारण मग हिशेब बदलतो. कपाटात सापडला नाही तर जिथे रक्त दिलं होतं तिथे तारीख सांगून दुसरी प्रत माग. तो कागद आणि पर्समधली चिठ्ठी घेऊन, नवऱ्याला बरोबर घेऊन, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि काय झालं ते मला कळव.