आमच्या कॅम्पेनसाठी तयार शहराचे सेटिंग-पुस्तक विकत घ्यावे, की शहर स्वतःच रचावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या साहाय्याने कथा पुढे न्यायच्या खेळात, वर्षभर चाललेल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग कथेत, तुमचे पाच खेळाडू आजवर गुहा, जंगले आणि ओसाड किल्ले पालथे घालत होते, आता कथा त्यांना एका मोठ्या बंदराच्या शहरात नेते आहे, आणि त्यासाठी शहराचे नकाशे, माणसे आणि जागा तयार देणारे एखादे जाडजूड सेटिंग-पुस्तक घ्यावे की शहर आपले आपणच रचावे, अशा पेचात तुम्ही आहात. मी बरीच वर्षे गेम मास्टरच्या, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसतो आहे आणि अशी पुस्तके हौसेने घेण्याची खोड मला आहे. त्यांतली निम्मी खेळाच्या टेबलावर कधी उघडलीच गेली नाहीत, हे आधीच कबूल करतो. माझे मत असे आहे, की पुस्तकातले शहर किती सुंदर आहे हे पाहून निर्णय घेऊ नये. खेळाडू कोणालाही न सांगता भलत्याच दारात शिरले, तर ते पुस्तक अर्ध्या मिनिटात तुमच्या हातात काय ठेवते, हे पाहून घ्यावा.

गुहेत दारे मोजकी असतात. डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे तुम्ही आधी लिहून ठेवलेले असते, आणि खेळाडूंना भिंतीतून आरपार जाता येत नाही. शहरात मात्र पाचही जणांना एकाच वेळी वेगवेगळ्या गोष्टी सुचतात: एकाला चोरीचे पदक वितळवून देणारा सोनार हवा असतो, दुसरीला देवळात रात्रीचा आसरा हवा असतो, तिसरा पहारेकऱ्याला लाच देऊन पाहतो, आणि उरलेले दोघे घर भाड्याने घेण्याच्या गोष्टी करू लागतात. ही अडचण या छंदाइतकीच जुनी आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांत, 1976 मध्ये, जजेस गिल्ड या प्रकाशनाने ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे शहर बाजारात आणले. त्यात गल्लीबोळांचा मोठा नकाशा होता, आणि दुकानागणिक आत कोण बसले आहे व तिथे कोणती अफवा कानावर पडते, याच्या तुटक नोंदी होत्या. त्यात साहित्यिक असे काही नव्हते, परंतु खेळाडू दार उघडतील तेव्हा आत कोणीतरी असलेच पाहिजे, ही गरज त्या लोकांनी बरोबर ओळखली होती.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तुमच्याही वाट्याला नेमकी तीच येण्याचा संभव आहे. मी एका बंदराच्या शहराचे भलेमोठे पुस्तक घेतले, तीन आठवडे रोज रात्री वाचले, समासात खुणा केल्या आणि मोठ्या आत्मविश्वासाने पहिल्या बैठकीला बसलो. खेळाडू जहाजातून उतरले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: “आमच्या पेटाऱ्यावर जकात कोण लावतो? त्याला गाठायचे आहे.” धक्क्याच्या प्रकरणात मला तीनशे वर्षांचा इतिहास सापडला, सात व्यापारी घराण्यांची वंशावळ सापडली, दीपस्तंभाच्या पायाभरणीची कथाही सापडली; जकात घेणारा माणूस काही सापडेना. मी पाने चाळत राहिलो, तोवर एका खेळाडूने फाशांचा मनोरा रचायला घेतला होता. शेवटी पुस्तक मिटून मी सर्दीने बेजार झालेला, दर वाक्याला नाक पुसणारा एक कारकून जागच्या जागी उभा केला, आणि पुढचे सहा महिने तोच कारकून आमच्या खेळातले सर्वांत लाडके पात्र होऊन बसला. यातला खरा चटका मला दोन आठवड्यांनी बसला: पुस्तकात जकात अधिकारी होता, आणि तो माझ्या कारकुनापेक्षा फार चांगला लिहिलेला होता, फक्त तो ‘शासनव्यवस्था’ या प्रकरणात, धक्क्यापासून दीडशे पाने दूर बसला होता.

म्हणून पुस्तकातल्या मजकुराइतकेच त्याच्या मांडणीकडे पाहा. माँटी कुक यांचे ‘टॉलस’ हे 2006 सालचे पुस्तक सहाशेहून अधिक पानांचे आहे आणि एवढ्या आकाराच्या पुस्तकाने टेबलावर जीवच घ्यायला हवा. तरीही ते वापरता येते, कारण मजकुरात एखाद्या व्यक्तीचे किंवा जागेचे नाव आले, की शेजारच्या समासात तिची माहिती कोणत्या पानावर आहे ते छापलेले असते. सूची नसलेले सुंदर पुस्तक आणि समासात पान क्रमांक देणारे साधे पुस्तक यांतून एक निवडायचे झाले, तर मी डोळे मिटून दुसरे निवडीन.

आता मजकुराची कसोटी. नमुन्याची पाने बहुतेक प्रकाशक पाहू देतात. त्यांतली कोणतीही एक जागा निवडा आणि खेळाडू आत्ता तिथे शिरले आहेत असे समजून ती नोंद मोठ्याने वाचा. समजा, मेणबत्त्यांचे दुकान आहे. एका पुस्तकात अशी नोंद असते: “ही पेढी दीडशे वर्षांपूर्वी दोन भावांनी सुरू केली, दुकानाचे छत शिसवी लाकडाचे असून आत मधमाश्यांच्या मेणाचा मंद दरवळ असतो, शहरातील उच्चभ्रू कुटुंबे सणासुदीला येथूनच मेणबत्त्या नेतात.” दुसऱ्या पुस्तकात असे लिहिलेले असते: “मालकीण विधवा आहे, मोजून बोलते. रात्री मागच्या दाराने काळ्या मेणबत्त्या विकते, कोणाला ते सांगत नाही. पहाऱ्याच्या नायकाकडे तिचे पैसे थकले आहेत. तळघराची किल्ली भाच्याकडे असते आणि भाचा तीन दिवस घरी आलेला नाही.” पहिली नोंद वाचायला छान आहे, पण ती वाचून झाल्यावर गेम मास्टरला पुन्हा शून्यापासून विचार करावा लागतो. दुसरी नोंद वाचताच खेळाडूंनी काय विचारले तरी उत्तर देता येते, कारण त्या बाईला काय हवे आहे, ती काय लपवते आहे आणि आत्ता या क्षणी काय बिघडले आहे, हे तिन्ही तिथे आहे. अशा पाच नोंदी तपासा. पाचांपैकी तीन दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या तर पुस्तक घेण्याजोगे आहे, असे मी मानतो. इमारतीच्या बांधणीचे वर्णन मला तरी एका ओळीपेक्षा जास्त कधी लागलेले नाही.

किमतीचा हिशेब करताना लोक फक्त पैसे मोजतात. सहाशे पानांचे पुस्तक पानाला दोन मिनिटे धरली तरी 20 तास घेते, आणि चार तासांच्या बैठकीच्या मापाने ते पाच बैठका खेळण्याइतके झाले. तुमचे खेळाडू शहरात तीन-चार बैठका थांबून पुढे जाणार असतील, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. उलट येते वर्षभर तेच शहर असणार असेल, तेच पहारेकरी, तोच खानावळवाला, तीच वैरे पुन्हा पुन्हा समोर येणार असतील, तर 20 तास काहीच नाहीत; स्वतः रचायला बसलात तर त्याहून कितीतरी जास्त लागतील. म्हणून खेळाडूंना सरळ विचारा: शहर तुम्हाला मुक्कामाला हवे आहे की वाटेवरचा टप्पा म्हणून? माझ्या अनुभवात गेम मास्टर हे विचारायला उगीच लाजतात.

पुस्तकातले शहर तुमच्या जगात बसते का, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. शार्न या शहराचे पुस्तक 2004 मध्ये आले. तिथले आभाळाला भिडणारे मनोरे आणि त्यांच्यामधून उडणारी वाहने मोहक आहेत खरी, परंतु ते शहर एबेरॉन या तयार काल्पनिक जगातले आहे, आणि सिरानिया नावाच्या दुसऱ्याच एका अद्भुत लोकाचा (स्वर्गलोकासारख्या वेगळ्या विश्वाचा) प्रभाव त्या जागेवर असल्यामुळे तिथे उडण्याची जादू बळावते, असा त्यामागचा कार्यकारणभाव आहे. ते शहर उचलून तुमच्या बंदरावर ठेवायचे म्हणजे हा कार्यकारणभाव तरी उचलावा लागणार किंवा त्याजागी दुसरा रचावा लागणार. देवदेवता, राजसत्ता, कोण कोणाच्या हाताखाली, हे सगळे असेच चिकटून येते. त्या मानाने नियमांचा फरक क्षुल्लक आहे, आणि लोक नेमके त्यालाच भितात. केऑसियम या प्रकाशनाने 1981 मध्ये ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ ही पेटी काढली, तेव्हा त्यात एकाच शहरातल्या पात्रांचे आकडे, म्हणजे त्यांची ताकद व कौशल्ये मोजणारे गुण, अनेक निरनिराळ्या खेळांच्या नियमांप्रमाणे दिले होते. शहर तेच राहिले, फक्त आकडे बदलले. पहारेकऱ्याचे आकडे तुमच्या नियमपुस्तकात आहेतच, तेव्हा पुस्तक जुन्या आवृत्तीचे किंवा वेगळ्याच खेळाचे आहे एवढ्यावरून ते नाकारू नका.

वेगळ्या खेळांचा विषय निघालाच आहे, तर दोन पुस्तके नमुना म्हणून अवश्य पाहा, विकत नाही घेतलीत तरी चालेल. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या जॉन हार्पर यांच्या खेळात डॉस्कव्होल नावाचे शहर मूळ नियमपुस्तकातच आहे; प्रत्येक वस्तीला थोडकी जागा, आणि संपत्ती, सुरक्षितता, गुन्हेगारांचा वचक व गूढशक्तींचा प्रभाव अशा चार बाबींत तिचे गुण. एवढ्यावर माणूस वस्ती उभी करू शकतो. दुसरे ‘शिकागो बाय नाइट’, ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या खेळासाठी 1991 मध्ये आलेले. शहर खरोखरीचे असल्याने त्याचे रस्ते कोणत्याही नकाशात सापडतात. त्यामुळे पुस्तकाचा भर माणसांवर, म्हणजे तिथल्या रक्तपिपासूंवर आणि त्यांच्या आपसातल्या देण्याघेण्यांवर आहे. शहर म्हणजे इमारती नव्हेत, एकमेकांत अडकलेली माणसे आहेत, हे मला त्यातून पहिल्यांदा नीट कळले.

एक सावधगिरी: मुखपृष्ठावर शहराचे नाव आहे म्हणून ते शहराचे मार्गदर्शक पुस्तक असेलच असे नाही. 2018 चे ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ हे मुख्यतः पहिल्या ते पाचव्या पातळीच्या (खेळत जाईल तशी पात्राची पातळी वाढते) पात्रांसाठी लिहिलेले अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे खेळायला तयार कथानक, आहे, आणि शहराची ओळख त्यातल्या एका प्रकरणापुरती आहे. पुस्तक वाईट नाही. पण तुमची पात्रे वर्षभर खेळून त्या पातळीच्या पुढे गेली असतील, तर अर्ध्याहून अधिक पाने तुमच्या कामाची राहणार नाहीत.

नकाशाबद्दल फार लिहीत नाही. खेळाडूंना दाखवता येईल असा, गुपिते काढून टाकलेला वेगळा नकाशा मिळतो का एवढे पाहा. पीडीएफ मिळत असेल तर आधी तीच घ्या, कारण “जकात” हा शब्द शोधायला दोन सेकंद लागतात, आणि मला त्या रात्री तेवढेच हवे होते.

यात एक प्रामाणिक कबुली राहिली. अशी पुस्तके वाचण्यात स्वतंत्र आनंद आहे. रात्री अंथरुणात पडून परक्या शहरातल्या गल्ल्यांतून हिंडायला मला आजही आवडते. त्यासाठी पुस्तक घेणार असाल तर वरची एकही कसोटी लावू नका. फक्त ते खेळाच्या तयारीच्या नावावर घेऊ नका, नाहीतर वाचलेले सगळे खेळाडूंना ऐकवलेच पाहिजे असे वाटू लागते, आणि ते ऐकणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. पहिल्या दोन बैठका पुस्तकाशिवाय घ्या. एका कागदावर सहा माणसे, तीन गट आणि पाच जागा लिहा. प्रत्येक माणसापुढे त्याला काय हवे आहे ते एका वाक्यात, आणि प्रत्येक गटापुढे तो दुसऱ्या कोणत्या गटाच्या वाटेत आडवा येतो ते. दोन बैठकांत खेळाडू कुठे कुठे गेले आणि तुम्हाला कुठे अडखळायला झाले, याची यादी आपोआप तयार होईल. ती यादी हातात घेऊन नमुन्याची पाने चाळा. तुम्ही गटांच्या राजकारणात अडखळला असाल तर एक पुस्तक लागेल, झटपट दुकाने आणि नावे हवी असतील तर दुसरेच, आणि फारसे अडखळलाच नसाल तर तुमचा कागद दोन पानांचा करून पुढे चालू राहा.

पुस्तक घेतलेच, तर पहिल्या बैठकीपूर्वी पाचही जणांना विचारून घ्या, की कोणी ते आधी वाचले आहे का. आमच्याकडे एकाने वाचले होते आणि तो सौजन्याने गप्प राहिला होता. चौथ्या बैठकीत कोतवाल फितूर असल्याचे ऐकून चौघे ओरडले आणि तो मान खाली घालून फासे पुसत बसला, तेव्हा कळले. पुढच्या बैठकीपासून त्याला मी त्या कोतवालाचा भूतपूर्व साथीदार करून टाकले, म्हणजे त्याला जे ठाऊक होते ते त्याच्या पात्रालाही ठाऊक असणे रास्तच ठरले.