निवृत्तीच्या पैशातून नऊ लाखांचं लाकूडकामाचं वर्कशॉप उभारावं का?

प्रश्न: चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी टर्नर आहे. वय ५८, पुढच्या महिनाअखेरीस निवृत्त होतोय. पीएफचे ३१ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ८ लाख मिळतील, एफडीत ३ लाख आहेत. पेन्शन साधारण साडेचार हजार. आम्ही दोघं कुडाळ तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला जाणार आहोत, तिथला खर्च महिना २८ हजार धरलाय. तिथे लाकूड कातायचं लेथ मशीन टाकून बाऊल, पोळपाट-लाटणी, भातुकली करून विकायचं मनात आहे. कोटेशन ९ लाखांचं आलंय. लाकूड घरच्या बागेतले आंबा-फणस तोडून काढू, महिना ४० बाऊल प्रत्येकी १,२०० रुपयांना जातील, असा हिशेब आहे. मुलगा म्हणतो, स्वतःचे पैसे घालू नका, सबसिडीचं कर्ज काढा. बायकोला दोन्ही पसंत नाही, तिला मधुमेहही आहे. लेथचा अॅडव्हान्स याच आठवड्यात द्यायचाय. काय करू?

उत्तर: वर्कशॉप जरूर काढा, पण नऊ लाखांचं नको. आत्ता अडीच लाखांचं काढा आणि तेही कर्जाशिवाय. वहिनींची काळजी रास्त आहे, तुमची हौसही रास्त आहे, आणि तुमच्याच आकड्यांत दोन्ही बसवता येतात.

आधी घर. २८ हजार खर्चातून पेन्शन वजा केली की महिन्याला साडेतेवीस हजार कमी पडतात. त्यासाठी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. साठ पूर्ण नसले तरी निवृत्त झालेल्यांना ५५ पासून ती उघडता येते, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. हे तीन महिने हुकले तर साठीपर्यंत थांबावं लागेल. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील, म्हणजे महिना साडेवीस हजार. तरी तीन हजार कमीच पडतात.

वर आरोग्य विमा आहे. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपेल. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण त्याची विचारणा नोकरी सुटण्याआधी करावी लागते. वहिनींच्या मधुमेहामुळे हे काम लेथच्या आधीचं आहे. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो, आणि जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं इथेच उपयोगी पडतात. दोघांचा हप्ता वर्षाला ४८ हजार धरू. म्हणजे महिन्याची एकूण तूट सात हजारांची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

४२ लाखांतून ३० गेले, उरले १२. त्यातले ४ लाख अडीअडचणीसाठी आणि पहिल्या वर्षाच्या तुटीसाठी एफडीत. साडेपाच लाख हायब्रीड (शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे लावणाऱ्या) म्युच्युअल फंडात, किमान सात वर्षं हात न लावता, कारण बचत योजनेचं व्याज आहे तिथेच राहणार आणि महागाई सहा टक्के धरली तर आजचे २८ हजार बारा वर्षांत ५६ हजार होतात. राहिले अडीच लाख. हे वर्कशॉपचे. नऊ लाख घातले असते तर हातात तीन लाख राहिले असते आणि त्यावर पुढची पंचवीस वर्षं काढायची होती.

आता तुमचं कोटेशन. शेड ३.२ लाख, परदेशी लेथ २.४ लाख, बँड सॉ (पट्टीची करवत) ९० हजार, चक (लेथवर लाकूड पकडणारा भाग) आणि हत्यारं ६० हजार, लाकूड ४० हजार, थ्री फेज वायरिंग ५० हजार, वेबसाइट आणि विक्रीची मांडणी १ लाख. उद्या हे जमलं नाही तर परत काय मिळेल? लेथ आणि बँड सॉ विकले जातील. शेड, वायरिंग, वेबसाइट यांचे ४ लाख ७० हजार गेले ते गेले. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम विकता न येणाऱ्या वस्तूंत. शिवाय यादीत ग्राइंडर नाही आणि डस्ट कलेक्टरही नाही. लाकडाच्या लेथवर हत्यार सतत पाजळावं लागतं, ग्राइंडरशिवाय गाऊज (कातायचं पन्हाळीदार हत्यार) दिवसभरही चालणार नाही. आणि धूळ हा तर आरोग्याचा प्रश्न आहे. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात मोडते. साठीच्या उंबरठ्यावर फुप्फुसं पणाला लावून बाऊल विकायचे नाहीत.

तुम्ही टर्नर आहात, माप घेणं, सेंटर काढणं, वेग ठरवणं तुम्हाला शिकवायची गरज नाही. पण तुमच्या लेथवर टूल टूलपोस्टमध्ये आवळलेलं असतं. इथे ते टूलरेस्टवर टेकवून हातात धरायचं असतं, गाऊजची उतरती बाजू लाकडाला टेकवत आत जायचं. जरा कोन चुकला की पातं लाकडात रुततं आणि बाऊल चकमधून सुटून थेट तोंडावर येऊ शकतो. फेस शील्ड म्हणूनच लागते. यंत्र घेण्याआधी सावंतवाडीच्या एखाद्या कातार्‍याकडे, किंवा पुण्यात शिकवणाऱ्यांकडे, आठवडाभर रोज उभे राहून हे हाताला लावून घ्या. फी देऊन शिका, ती फी वाया जाणार नाही.

तुमचा हिशेब महिना ४० बाऊल, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे ४८ हजार. तो मी पुन्हा मांडला. सावंतवाडी-मालवणच्या दुकानदाराने ४० टक्के ठेवले तर तुमच्या हाती ७२०. लाकडाचे १५०, सँडपेपर, तेल आणि मेणाचे ६०, पॅकिंगचे ६० वजा करा, उरले ४५०. एका बाऊलला सगळं धरून तीन तास लागतात असं समजू. तासाला दीडशे रुपये. चाळीसही विकले गेले तर १८ हजार, त्यातून वीज आणि हत्यारांचे दीड हजार गेले की साडेसोळा. वीसच विकले गेले तर साडेसात हजार. पर्यटक दिवाळीपासून मेपर्यंत असतो, पावसाळ्यात दुकानं सुस्त असतात, म्हणून वर्षाच्या सरासरीला मी हाच दुसरा आकडा धरतो. तो तुमची सात हजारांची तूट भरतो. इतकं त्याने केलं तरी ते मोठं काम आहे, पण त्याहून जास्त ओझं त्यावर टाकू नका.

पहिले चार-सहा महिने तर काहीच येणार नाही. ओल्या लाकडाचा बाऊल आधी जाड कातून ठेवावा लागतो, जाडी साधारण व्यासाच्या दहाव्या भागाएवढी. मग तो काही महिने सुकतो, सुकताना वाकडा होतो, आणि त्यानंतर पुन्हा लेथवर चढवून खरा आकार द्यायचा. कोकणच्या दमट हवेत वाळलेलं लाकूड दिल्लीच्या कोरड्या हवेत गेलं की तडकू शकतं, म्हणून सुरुवातीला लांबच्या ऑर्डरी घेऊ नका. पोळपाट-लाटण्यांत हा त्रास कमी, पण जत्रेत आणि बाजारात ती इतकी स्वस्त मिळतात की स्पर्धा सोपी नाही.

लाकडाबद्दल एक सांगतो. घरच्या बागेतला आंबा-फणस तोडून माल काढू, असं तुम्ही लिहिलंय. वृक्षतोडीवर नियंत्रण आणणाऱ्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, साग ही झाडं येतात, म्हणजे स्वतःच्या जमिनीवरचंही झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. वखारीतून बिलासह तुकडे घ्या, तेच सोपं. आणि भातुकली हे खेळणं आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, तेव्हा भातुकली विकायला काढण्याआधी ती नोंदणी करा. बाऊल आणि लाटण्यांना हे लागू नाही.

मुलगा म्हणतो ते कर्ज बहुधा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान मिळतं, वहिनींच्या नावावर अर्ज केला तर ३५. ऐकायला छान आहे. पण ९ लाखांचा प्रकल्प, ९० हजार स्वतःचे, सव्वादोन लाखांचं अनुदान तीन वर्षं बँकेत अडकलेलं, आणि उरलेल्या ५ लाख ८५ हजारांवर ११ टक्के व्याज धरून पाच वर्षांचा हप्ता साधारण १२,७०० रुपये. वर्कशॉपची सरासरी कमाई आपण साडेसात हजार धरलीय. हा हप्ता वहिनींच्या किराण्यातून जाईल. अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प करणं, इथेच बरेच जण अडकतात. पीएम विश्वकर्मा योजनेत व्याज फक्त ५ टक्के आहे, पण ती हे काम आधीपासून हाताने करणाऱ्यांसाठी आहे. आज तुम्ही त्यात बसत नाही.

अडीच लाख असे लावा. शेड नको, घराजवळचा जुना मांगर (घराबाहेरची खोपी) डागडुजी करून घ्या, ४० हजार. टेबलावर बसणारा सिंगल फेज लेथ, साधारण बारा इंच व्यास फिरवणारा, ८० हजारांच्या वर जायचं नाही. चक, गाऊज, पार्टिंग टूल, ग्राइंडर मिळून ६० हजार. धूळ ओढणारं यंत्र, मास्क आणि फेस शील्ड ३५ हजार. सुकलेलं लाकूड २५ हजार. १० हजार हाताशी. बँड सॉ नको, वखारवाला गोल तुकडे कापून देतो. वेबसाइटही नको, आधी दुकानात माल ठेवा. वीजजोडणीचा प्रकार धंद्यासाठी बदलावा लागेल का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून ठेवा.

मोठा लेथ कधी? एक पूर्ण वर्ष वही ठेवा, पावसाळ्यासकट. नातेवाइकांनी घेतलेला माल त्यात धरू नका. खर्च जाऊन महिन्याची सरासरी दहा हजारांवर गेली, आणि दुकानदार स्वतःहून पुन्हा माल मागू लागले, तर दहा हजारांच्या वरच्या पैशातून मोठं यंत्र घ्या. ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे त्यासाठी मोडायचे नाहीत. हे दोघांनी बसून आत्ताच ठरवा आणि वहिनींना खात्यात जॉइंट होल्डर करा.

डीलरला आज फोन करून सांगा की अॅडव्हान्स देत नाही, लेथ दोन-तीन महिन्यांनी ठरवू. किंमत वाढेल अशी भीती घालतील, घालू द्या. त्याआधी एचआरकडून दोन कागद मिळवा: ग्रुप मेडिक्लेममधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज, आणि निवृत्तीची रक्कम व तारीख दाखवणारं पत्र. बचत योजनेचं खातं उघडताना पोस्टात तेच पत्र मागतील.