बाबांना मुंबईला घेऊन येऊ का?

शिमग्याची सुट्टी संपली की दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन माणसं येतात. गावी जाऊन आई-वडलांना डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ते पाहिलेलं झोपू देत नाही. गेल्या वर्षी असाच एकजण आला. वय एक्केचाळीस, भांडुपच्या डोंगरउतारावरच्या चाळीत राहणारा, मूळचा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात तो धाकटा, म्हणून इथेही त्याला धाकटाच म्हणते.

आई जाऊन दोन वर्षं झालेली. थोरला भाऊ सुरतेला. वाडीतल्या बावीस घरांपैकी तेरांना कुलूप, ती फक्त गणपतीत उघडतात. उरलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसं. वडील सत्तरीचे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दाराशी आली की ती खांद्यावर घेऊन नाचवणारे म्हणून त्यांची ख्याती. या वेळी पालखी अंगणात आली आणि ते माजघरातून बाहेर आलेच नाहीत. पालखी दारात आणि घरचा माणूस आत, असं त्या वाडीत कोणी पाहिलेलं नव्हतं.

"आजारी आहेत का?" मी विचारलं.

"नाय मॅडम. गप्प आहेत."

गप्प म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. भाकरी अर्धी उरते, सदरा ढगळ झालाय. पोटात गोळा येतो म्हणून तालुक्याच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले, रिपोर्ट चांगले आले. काजूच्या बिया झाडाखाली पडून राहिल्या, वेचल्या नाहीत. वाडीत कोणी म्हणालं बाहेरचं काही लागलंय, म्हणून गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घातलं. चुलती म्हणाली, वय झालं की असंच होतं.

वय झालं की असंच होत नाही. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण सगळ्यात जास्त वेळ याच एका समजुतीत जातो. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही. पोटदुखी, धडधड, पहाटेची जाग, तुटलेली भूक अशा शरीराच्या भाषेत ते बोलतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजचं आयुष्य असं बंद पडलं असेल तर तपासणी हवीच. थायरॉइड, रक्तातलं बी-१२, साखर आणि चालू असलेल्या इतर गोळ्या हेही त्या तपासणीत बघायचं, कारण यांतल्या बिघाडानेही माणूस असा विझतो. गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही. गुरव त्या माणसाचं नाव घेऊन सगळ्या गावासमोर देवाला साकडं घालतो, तेव्हा त्याचं दुःख निदान चारचौघांत उच्चारलं तरी जातं. फक्त गाऱ्हाण्यासोबत डॉक्टरही हवा.

आता मूळ प्रश्न. मुंबईला आणायचं का? धाकट्याने एकदा आणूनही पाहिलं होतं, पंधरा दिवस. दहा बाय पंधराची खोली, त्यात चार माणसं. सार्वजनिक संडास पन्नासेक पायऱ्या उतरून. रात्री उठावं लागू नये म्हणून वडील दुपारनंतर पाणीच पीत नव्हते. हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, शेवटी नातीने सांगितलं. दिवसभर दाराशी बसून एकच विचारायचे, गावाला कधी नेतोस. बायको गेली, मुलं गेली, आता अंगण आणि विहीरही गेली, असं त्या पंधरा दिवसांत त्यांना झालं असणार. अंथरुणाला खिळलेल्या किंवा घरात जिवाला धोका असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याला आणावंच लागतं. पण केवळ एकटेपणावर उपाय म्हणून उचलून आणलेली कितीतरी माणसं मी इथे जास्त एकटी झालेली पाहिली आहेत.

मग मुंबईत बसून करायचं काय? मी त्याला रोज फोन करायला सांगितलं, आणि तिथे माझं चुकलं. तो इमानाने करायचा. जेवलात का, झोपलात का, गोळी घेतलीत का. दहा दिवसांत वडलांचं बोलणं "हं" वर आलं. रोज हजेरी घेतल्यासारखं होत होतं. चूक ध्यानात आल्यावर आम्ही फोनचा सूर बदलला. विचारपूस कमी, सल्ला मागणं जास्त. पोफळींना पाणी किती दिवसांनी सोडू म्हणून चुलतभाऊ विचारतोय, त्याला काय सांगू? त्या दिवशी फोन सात मिनिटं चालला. धाकट्याने घड्याळ लावून मोजलं होतं.

तरी फोनवर न उरकणारी एक गोष्ट होती. मी त्याला म्हटलं, "गावी जा आणि समोर बसून विचारा, मरणाचे विचार येतात का."

तो दचकला. "असं विचारलं तर उलट डोक्यात येईल ना?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. उत्तर स्पष्ट आहे: विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. आधीच असेल तर एकट्याने वाहायचं ओझं थोडं हलकं होतं. मात्र शब्द साधे हवेत. "तुम्ही तसलं काही करणार नाही ना?" असं विचारलं की समोरचा "नाही" म्हणून मोकळा होतो. "जगणं नको वाटतं का?" असं विचारावं आणि मग गप्प बसावं, उत्तराला वेळ लागतो.

एप्रिलमध्ये तो तुतारी एक्सप्रेसने गावी गेला. रात्री पडवीत बसून विचारलं. वडील बराच वेळ विडीच्या थोटकाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "येतात. रातचे."

पुढे काय करायचं हे आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. गावाकडे 'औषध' म्हटलं की आधी फवारणीचं आठवतं, आजाराची ती 'गोळी'. आंब्याच्या फवारणीतून उरलेलं सगळं औषध धाकट्याने त्याच रात्री चुलतभावाकडे नेऊन कुलपात ठेवलं. वडलांपासून लपवलं नाही, "काही दिवस तिकडे राहू दे" एवढंच सांगितलं. असे विचार भरतीसारखे चढतात आणि ओसरतातही. त्या घटकेला हाताशी काही नसणं आणि शेजारी माणूस असणं यावर जीव वाचतो. चुलतभावाचा मुलगा रात्री झोपायला येऊ लागला. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिला. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही सल्ल्यासाठी फोन केला तर चालतो.

डॉक्टरचं नाव काढल्यावर वडलांनी एकच विचारलं, "रत्नागिरीला घालनार काय?" कोकणात रत्नागिरीला घालणं म्हणजे मनोरुग्णालयात ठेवणं, जसं मुंबईत आपण ठाण्याचं नाव घेतो. चेष्टेत फेकलेले हे शब्द म्हाताऱ्या माणसाच्या मनात किती खोल रुतून बसतात, ते अशा वेळी कळतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. अंतर, पैसा आणि डॉक्टरांची कमतरता ही कारणं आहेतच, पण ही भीतीही त्यांच्याच रांगेत आहे. धाकट्याने सरळ सांगितलं, तपासून संध्याकाळी घरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तो याचसाठी, की माणसाला आपल्या जिल्ह्यात, घराजवळ उपचार मिळावेत. कोणत्या दिवशी कुठे डॉक्टर भेटतील याची चौकशी वाडीच्या आशाताईंनी केली. पहिल्या वेळी बरोबरही त्याच गेल्या.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात मळमळ, गुण शून्य. वडील म्हणाले, बंद करतो. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण दिसायला त्याहून जास्त, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस टिकतो. आशाताई शनिवारी डोकावत राहिल्या.

आणखी एक काम मुंबईत झालं. वाडीचं मुंबई मंडळ दर महिन्याला परळला जमतं. देवळाचा जीर्णोद्धार, वर्गणी, गणपतीच्या गाड्या हेच विषय असतात. धाकटा तिथे उभा राहिला आणि बापाचं सगळं बोलला. तो खाली बसला तेव्हा आणखी तिघांनी आपापल्या घरचं सांगितलं. तिथेच ठरलं की ज्यांची घरं उघडी आहेत त्या सगळ्यांना रविवारी पाळीपाळीने फोन करायचा, आपले असोत वा नसोत. वर्गणीच्या वहीतच त्याचं पान काढलं.

मेच्या अखेरीस तो आगोटीची यादी घेऊन माझ्याकडे आला. पावसाळ्यात वाडीचा रस्ता तुटतो, वीज जाते, फोन दिवसदिवस लागत नाही. तांदूळ, मीठ, सुकट, आमसुलं, लाकडं या बेगमीत आम्ही वडलांच्या गोळ्याही लिहिल्या. डॉक्टरांना विचारून दोन महिन्यांच्या घ्यायच्या, पण सगळ्या त्यांच्या हाती द्यायच्या नाहीत. चुलतीच्या पापडाच्या डब्याशेजारी ठेवायच्या आणि तिने आठवड्याच्या आठवड्याला काढून द्यायच्या. मनात तसे विचार येऊन गेलेल्या घरात एवढी काळजी घ्यावीच लागते.

यादीच्या तळाशी वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या. आदल्या रात्री वडलांनी फोनवर सांगून लिहून घेतल्या होत्या. बॅटरीचे मोठे सेल, चार. आणि नातीसाठी लहान मापाची छत्री नको, जरा मोठी आण, ती वाढली असेल.