मेडिकल बायोसायन्समध्ये पीएच.डी. करावी का? नागपुरात राहून जमेल का?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री झालंय, वय 26, सध्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी आहे, पीएच.डी. करायची मनापासून इच्छा आहे, पण घरचे म्हणतात एमबीबीएस तर मिळालं नाही, आता नावापुढे 'डॉक्टर' लावून काय होणार. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण माझ्या घरी हेच वाक्य सहा वर्षं जेवणाच्या ताटासोबत वाढलं जायचं.

करा. माझं स्पष्ट मत आहे, करा. पण विषय बघून गाईड निवडू नका, गाईड आणि लॅब बघून विषय निवडा. आणि लॅब बघायची म्हणजे सॅम्पल उणे 80 डिग्रीला गोठवून ठेवतात तो फ्रीझर बघायचा. का ते सांगते.

मी 2011 मध्ये पीएच.डी. सुरू केलं, सिकल सेलवर, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजारावर. विदर्भातल्या माणसाला सिकल सेल काय हे सांगायला नको. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस एवढाच फरक, पण एकाच घरातल्या दोन एसएस (आईवडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या) भावंडांमध्ये एक दर दोन महिन्यांनी दुखण्याने वॉर्डात आणि दुसरा शेतात रोवणी करतोय, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आपल्याकडच्या पेशंटमध्ये एचबीएफ (गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन) जास्त राहतं म्हणून आजार सौम्य, असं आम्ही शिकलो होतो, पण मग वॉर्डातली ती पोरं कोण? म्हणून मी एचबीएफसोबत प्लाझ्मातले (रक्तातल्या पातळ भागातले) सूज दाखवणारे घटक बघायचे ठरवले. गणेशपेठवरून एसटीने गडचिरोली, तिथून पुढे कुरखेड्याकडे, मांडीवर बर्फाची पेटी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबा, आणि कंडक्टर दर वेळी विचारणार पेटीत काय आहे. अडीच वर्षांत 214 सॅम्पल जमले.

मे 2014. शनिवारी रात्री लाइन गेली, जनरेटर लगेच सुरू झाला, पण फ्रीझरचा स्टॅबिलायझर ट्रिप झाला तो झालाच. बाहेर 45 डिग्री. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर रोज जो थंड धूर तोंडावर येतो तो आलाच नाही. ओलसर, कोमट वास आला. रॅकच्या तळाशी पाणी, त्यात सुटलेली लेबलं, आणि ट्यूबांवर मार्करने लिहिलेले माझेच नंबर ओघळून निळे झालेले. वॉचमनकाका मागे उभे होते, म्हणाले, "मॅडम, रातभर बोंबलत होतं ते मशीन, पन कोनाले सांगू? नंबर कोनाचाच नाही." त्यांची काहीच चूक नव्हती. फ्रीझरवर अलार्म होता, पण अलार्म वाजल्यावर फोन कोणाला करायचा याचा कागद कोणी कधी चिकटवलाच नव्हता, मीही नाही.

डीएनए वेगळ्या डीप फ्रीजमध्ये होता, तो वाचला. एचबीएफचे आकडे ताज्या रक्तावरच काढले होते, तेही हातात होते. प्लाझ्मा सगळा गेला.

त्या रात्री दादा (माझा मोठा भाऊ, एमडी मेडिसिन) घरी आला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं काय डोकं लावून राहिली? पुन्हा गोठव आणि चालव. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, कोण बघून राहिलं?" मी नाही म्हटलं तर म्हणाला, "तसंही तुझ्या पीएच.डी.ने पेशंट थोडीच वाचणार आहे." आईबाबा काहीच बोलले नाहीत. तेव्हा मीही बोलले नाही, उठून ताट घासायला टाकलं.

आज बोलते. दादा, तू सिकल सेलच्या पेशंटला एचबीएफ वाढवणारं हायड्रॉक्सीयुरिया सुरू करतोस आणि पुढच्या भेटीत औषध लागू पडतंय का ते एचबीएफच्या आकड्यावरून बघतोस ना, तो आकडा छापून येतो तेव्हा त्याच्या मागे कोणीतरी बसलेलं असतं ज्याने खराब ट्यूब फेकून दिली. तिथे कोणी "कोण बघून राहिलं" म्हटलं तर तुझा पेशंट जातो, माझा थिसिस नाही.

मी एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा एसटी पकडली. कुरखेड्याजवळच्या एका घरी नऊ वर्षांची मुलगी होती, एसएस. तिची आई म्हणाली, "रगत तं मागंच नेलं होतं ना, त्याचं काय झालं?" मी खरं सांगितलं, आमच्याकडे खराब झालं. ती बराच वेळ पोरीच्या दंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग आता नाही देत." संमतीपत्रात लिहिलेलंच असतं की नाही म्हणायचा हक्क आहे, मीच मराठीत टाइप केलं होतं ते वाक्य. 214 पैकी 131 जणांनी पुन्हा दिलं. त्या मुलीचं नाही. पण तिला जिल्हा रुग्णालयात औषध सुरू झालं का हे मी पुढची दोन वर्षं विचारत राहिले, आणि झालं होतं.

या सगळ्यात सव्वा वर्ष गेलं. फेलोशिप पाच वर्षांची, 2016 ला संपली, थिसिस 2017 ला जमा झाला, शेवटचं वर्ष बिनपगारी. तेव्हा माझी फेलोशिप महिना 16,000 पासून सुरू झाली होती, आता 2023 पासून जेआरएफला (पहिल्या दोन वर्षांच्या फेलोशिपला) 37,000 आणि तिसऱ्या वर्षापासून 42,000, वर घरभाडं. सीएसआयआर, आयसीएमआर, डीबीटी या केंद्राच्या तिन्ही ठिकाणच्या फेलोशिपसाठी प्रयत्न करा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी ज्यात बसत असाल तिथेही अर्ज टाका, महाज्योतीचं मुख्य ऑफिस तर नागपुरातच आहे. फेलोशिपशिवाय "आधी रजिस्ट्रेशन करून घेऊ, पैसे येतील" असं मुळीच करू नका.

नागपुरात राहून जमेल का, तर हो. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय रिसर्च होत नाही हे मला अजिबात मान्य नाही. मध्य भारतातल्या सिकल सेलवरचा पेपर 1958 मध्ये लॅन्सेटला छापून आला तो नागपूरच्याच डॉक्टरांचा होता. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, 2018 पासून एम्स आहे, दीड तासावर सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आहे. पेशंट इथे आहेत, मग सॅम्पल विमानाने दुसरीकडे कशाला पाठवायचे?

एक मात्र सांगायला हवं, माझ्या नवऱ्याचा पगार होता म्हणून ते बिनपगारी वर्ष निघालं. घर तुमच्यावर चालत असेल तर हिशोब वेगळा. नोकरीचंही पक्कं धरू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2020 च्या नियमांनी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी आणि फार्मॅकॉलॉजीमध्ये आमच्यासारख्या नॉन-मेडिकल (एमबीबीएस नसलेल्या) टीचरची दारं बंद केली होती, बायोकेमिस्ट्रीत अशा टीचरची टक्केवारी 50 वरून 15 वर आणली होती, 2025 च्या नियमात मायक्रो आणि फार्मॅकची दारं पुन्हा उघडली. मी आज शिकवतेय, पण मधली पाच वर्षं माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या लोकांनी दुसरं काम धरलं.

गाईडला भेटायला जाल तेव्हा त्यांचे पेपर किती हे विचारू नका, ते कळतंच. जुन्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली ते विचारा, आणि फ्रीझर दाखवा म्हणा. त्याच्या दारावर फोन नंबरचा कागद आहे का बघा. नसेल तर विचारा की रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर कोण येतं. लगेच एक नाव सांगितलं तर तिथे फॉर्म भरा.